समोशाची बदनामी झाली, पण घरातल्या तेलाच्या डब्याचं काय?

२०२५ च्या जुलै महिन्यात एक बातमी मोबाईलवरून घराघरात पोचली. आता समोसा आणि जिलेबीवरही सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा छापणार, अशी ती बातमी होती. नागपूरच्या एम्समध्ये तसे फलक लागणार असल्याचं सांगितलं गेलं आणि दोन दिवस टीव्हीवर फक्त समोसाच तळला जात होता. १५ जुलै २०२५ रोजी सरकारने खुलासा केला, की असा कोणताही इशारा फेरीवाल्यांच्या मालावर लावायला सांगितलेला नाही. आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना एवढंच सुचवलं होतं, की कॅन्टीनमध्ये, लॉबीत, मीटिंगच्या खोलीत पदार्थांमध्ये लपलेलं तेल आणि साखर किती हे दाखवणारे फलक लावा. खुलासा आला आणि विषय संपला. नेहमीसारखंच, भांडण संपलं तेव्हा मूळ मुद्दाही त्याच्याबरोबर गेला.

मूळ मुद्दा समोशाचा नव्हताच. समोसा तळलेला आहे, जिलेबी पाकातली आहे, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. उमरीच्या स्टेशनजवळ गाडीची वाट बघत कुणी समोसा खाल्ला तर तो जाणूनबुजून खातो आणि आठवड्यातून एखाद्या वेळी खातो. अडचण त्या खाण्याची आहे जे आपण ‘साधं’ समजून रोज खातो. वांग्याचं सालन, दिवसभरातला चहा, चहाबरोबरची खारी, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळचा मूठभर फरसाण. त्यांच्यावर फलक कोण लावणार?

एक छोटा हिशोब डोक्यात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं. एक ग्रॅम पिठातून किंवा साखरेतून साधारण ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातून ४, आणि एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९. तेल कोणतंही असो, सोयाबीनचं, करडीचं, ऑलिव्हचं किंवा घरचं साजूक तूप, आकडा तोच. जेवणाचा मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि बैठं काम करणाऱ्या स्त्रीला सुमारे १,६६० कॅलरी पुरतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप सांगतं. शेतात राबणाऱ्याला अर्थातच जास्त लागतात. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र नाही, आणि आपल्याकडे जेवण अजून शेतात राबणाऱ्याचंच आहे.

आता बगारे बैंगन घ्या. नांदेड-लातूरकडच्या मुस्लिम घरात पाहुणा आला आणि मटण नसेल तर हे हमखास होतं. लोक म्हणतात, आज काही जड नाही, भाजीच आहे. अर्धा किलो वांगी म्हणजे जेमतेम १२५ कॅलरी. त्यात वाटण येतं ५० ग्रॅम शेंगदाण्यांचं (सुमारे २८०), ३० ग्रॅम तिळाचं (१७०), ३० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचं (२००). आणि तेल सुटल्याशिवाय सालन झालं असं कुणी म्हणत नाही, म्हणून १०० मिलिलीटर तेल, म्हणजे आणखी ८२० कॅलरी. एकूण १,६०० च्या आसपास. त्यात वांग्याचा वाटा दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी! सहा जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या ताटात अडीचशेहून जास्त कॅलरी ‘भाजी’च्या नावाने पडल्या, भात आणि रोटी अजून बाकीच आहे. मिरची का सालन, दालच्याबरोबरचा बगारा खाना, खिचडीवर घेतलेला तिळाचा खट्टा, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

याचा अर्थ शेंगदाणे आणि तीळ वाईट असा नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तेही स्वस्तात. मांसाहार परवडत नसेल त्या घरात तर शेंगदाणा हा आधारच आहे. फक्त तो चटणी म्हणून मोजला जातो, जेवण म्हणून नाही, तिथे गडबड होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार घेतली की भाकरीइतक्याच कॅलरी चटणीतून येतात. सकाळचा सुशीला पण असाच. मुरमुरे अगदी हलके, पण ते भिजवून फोडणीत टाकले की तेल पितात, आणि वर शेंगदाणे, फुटाण्याचं डाळं. हलका नाश्ता म्हणून खातात आणि दोन प्लेट खातात.

भाकरीबद्दलही एक गैरसमज आहे, तो इथेच सांगून टाकतो. डॉक्टरांनी शुगर सांगितली की घरातले ‘आता भाकरीच खा’ म्हणून मोकळे होतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. ज्वारीचा फायदा दुसरा आहे. तिच्यात तंतू असतात, भाकरी सावकाश चावावी लागते, पोट लवकर भरतं आणि तेल न लावताही ती चांगली लागते. पण म्हणून तीन भाकऱ्या फुकट होत नाहीत.

चहाकडे तर कुणी अन्न म्हणून बघतच नाही. शंभर मिलिलीटरचा एक कप, निम्मं म्हशीचं दूध, दोन चमचे साखर. ८० ते ९० कॅलरी होतात. सकाळी उठल्यावर, नाश्त्याला, दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून, असरनंतर, मगरिबनंतर, आणि कुणी घरी आलं की ‘चाय तो पी के जाव’. सहा कप सहज होतात. म्हणजे ५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम साखर. आयसीएमआरच्या पोषण संस्थेने ८ मे २०२४ रोजी जी नवी आहार-मार्गदर्शिका काढली तिच्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. ती आपण दुपारच्या आत ओलांडतो आणि तोवर मिठाईचा तुकडाही तोंडात गेलेला नसतो. चहाबरोबर दोन टोस्ट घेतले की आणखी शंभर-सव्वाशे. खारी त्याहून जड, कारण तिच्या प्रत्येक पापुद्र्यात चरबी असते. म्हणूनच ती हातात कापसासारखी लागते.

स्वस्त कॅलरी कोणाच्या वाट्याला येते

इथे बरेच लेख संपतात आणि वाचकाला चार सल्ले देऊन निरोप देतात: सॅलड खा, फळं खा, सुकामेवा मूठभर खा. उमरीच्या बाजारात जाऊन हिशोब मांडला तर त्या सल्ल्याचं खरं रूप कळतं. भाव रोज बदलतात, तरी ढोबळ आकडे घेऊ. किलोभर साखर ४५ रुपयांना, म्हणजे एका रुपयात जवळपास ९० कॅलरी. एक लिटर सोयाबीन तेल १४० रुपयांच्या आसपास, म्हणजे रुपयाला ५५ ते ६०. पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा रुपयाला ५० च्या घरात. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर रुपयाला २८. अंडं सात-आठ रुपयांना, रुपयाला फक्त १०. आणि सफरचंद १५० रुपये किलो असेल तर रुपयाला साडेतीन.

ज्या बापाला रोजच्या मजुरीत पाच पोटं भरायची आहेत तो साखर, तेल आणि बिस्किटाकडे वळला तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. तो बाजाराचा हिशोब अगदी बरोबर करतोय. पोट भरतं, प्रथिनं मात्र मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त निघालं आणि त्याच फेरीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. या दोन वेगवेगळ्या बायका असतील असं समजू नका. पुष्कळदा ती एकच बाई असते: कंबर वाढलेली, हिमोग्लोबिन घटलेलं.

आपल्या समाजापुरता यात आणखी एक धागा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. त्याआधी गरीब मुस्लिम, दलित घरात आठवड्यातून दोन-तीनदा शिजणारं स्वस्त प्रथिन एका फटक्यात गेलं. म्हशीवर्गीय जनावरांना कायद्याने बंदी नाही. तरीही रस्त्यात गाड्या अडवणं, मारहाण, जनावरं जप्त होणं या त्रासाला कंटाळून २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या कुरेशी बांधवांनी जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली. तेव्हा मराठवाड्याचे बाजार ओस पडले आणि हिंदू शेतकऱ्यालाही भाकड जनावर विकता येईना, हे आपण पाहिलं. मटण सातशे-आठशेच्या पुढे गेलं, ते सामान्य घराच्या आवाक्यात नाही. मग काय होतं? पाव किलो मटणात आठ जणांचं सालन करायचं तर बोटी कमी आणि तर्री जास्त. चव बोटीतून येत नाही म्हणून तेल आणि मसाल्यातून आणायची. बाहेरून लोक म्हणतात, ‘तुमच्यात मांस खातात म्हणून वजन वाढतं.’ खरं तर चरबी काढलेल्या मटणाच्या किंवा चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये दीडशे-दोनशे कॅलरी असतात आणि २० ग्रॅमच्या वर प्रथिनं. वजन बोटीने वाढत नाही, रोटी बुडवायच्या तर्रीने वाढतं.

सरकारी धोरण याच काळात दोन तोंडांनी बोलत होतं. एकीकडे पंतप्रधानांनी २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला, जेवणातलं तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं आणि पुढे १५ ऑगस्टच्या लाल किल्ल्यावरच्या भाषणातही तेच बोलले. सीबीएसईने मे महिन्यात शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. सल्ला चांगलाच आहे, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण त्याच वर्षी ३० मे रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्के झालं. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले आणि बिस्किटं, चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर, भुजिया-नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. सुकामेवा आणि खजूरही स्वस्त झाले, तेवढं बरं झालं. गॅसवाली थंड पेयं ४० टक्क्यांत ठेवली, तेही बरं. पण पाच रुपयांच्या पुड्याची किंमत पाचच राहिली आणि अनेक कंपन्यांनी त्यातलं वजन वाढवलं. म्हणजे शाळेच्या गेटबाहेर पोराच्या हातातल्या पाच रुपयांना आता जास्त कॅलरी मिळतात. याच वर्षाच्या सुरुवातीला केंद्राच्याच आर्थिक पाहणीने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार मांडला होता. तो विचार कागदावर राहिला, आणि कर उलट दिशेने गेला.

राज्याचाही असाच एक दाखला आहे. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला. शंभर रुपयांत किलोभर रवा, किलोभर चणाडाळ, किलोभर साखर आणि लिटरभर पामतेल. चणाडाळ सोडली तर बाकी तिन्ही वस्तू आपण वर मोजलेल्याच. रांगेत उभं राहून तो घेणाऱ्या बायकांना त्याने खरोखर आधार दिला, हे मान्य करूनही विचारावं लागतं: साखरेऐवजी अर्धा किलो शेंगदाणे किंवा डझनभर अंडी का नाहीत? २०२५ च्या गणपती-दिवाळीत तर तो शिधाच मिळाला नाही, म्हणून हा प्रश्नही मागे पडला.

आणि सोयाबीन. नांदेड-लातूरच्या शिवारात खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं. लातूरचं मार्केट सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर बघितलं जातं. उमरी तालुक्यातला शेतकरी तेच पिकवून मोंढ्यात आणतो. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण सप्टेंबरच्या पुरात नांदेड जिल्ह्यातली पिकं वाहून गेली आणि ज्यांच्या हाती काही आलं त्यांच्या मालाला बाजारात तो भाव मिळेना. घरची ज्वारी गेली, तिच्या जागी विकायचं पीक आलं, आणि विकून आलेल्या पैशातून रेशनचा गहू-तांदूळ आणि पाऊचमधलं तेल घरी येतं. खाण्यातला बदल हा फक्त जिभेच्या चोचल्याने झालेला नाही, तो शेतातूनही आलाय.

बारीक दिसणाऱ्यांनीही वाचावं

‘आमच्या घरात कुणी जाड नाही’ असं म्हणून हा लेख बाजूला ठेवणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं काम सांगायला हवं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. वजनात एवढा फरक, पण आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त. ‘बारीक पण चरबीदार’ ही आपल्या शरीराची ठेवण पोटातूनच सुरू होते, असं त्यातून दिसलं. म्हणून पाश्चात्त्यांच्या मापाने ‘नॉर्मल’ असलेला आपला माणूस चाळिशीत शुगर घेऊन बसतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोकांना त्याची पूर्वअवस्था असल्याचा अंदाज दिला. त्यात पोटावरची चरबी सुमारे ४० टक्के लोकांमध्ये होती. ती मोजायला मशीन लागत नाही. टेलरचा टेप बेंबीच्या पातळीवर लावा. पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे धोका. बुरख्यात किंवा सैल कुर्त्यात हे कळत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आकड्यांत पोटाचा घेर वाढलेल्या स्त्रिया ४० टक्के आणि पुरुष १२ टक्के निघाले, तेव्हा हा प्रश्न आधी घरातल्या बायकांचा आहे.

आणि घरातली बाई कशी जेवते ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांचं झाल्यावर, भांड्याला लागलेलं सालन भातावर घेऊन, मुलांनी ताटात टाकलेलं ‘फेकायचं कशाला’ म्हणून संपवत. अन्न वाया जाऊ नये ही भावना आपल्या दीनने शिकवलेली आहे, पण उरलेलं अन्न कुणाच्या तरी पोटातच गेलं पाहिजे असं कुठे सांगितलंय? कमी शिजवणं हाही इसराफ टाळण्याचाच प्रकार आहे. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याच्या परवानगीबरोबरच अतिरेकाची मनाई आहे, आणि पोटाचे तीन हिस्से करण्याची हदीस तर आपल्याकडे बयानात इतक्यांदा येते की पोरांनाही पाठ आहे. ती ऐकून उठल्यावर बाहेर पंगतीत बगारा-दालचा वाढणारा मात्र ‘लो ना भाई, इतने से क्या होता’ म्हणत तिसरा हिस्साही भरून टाकतो. वाढणाऱ्याचंही खरं आहे म्हणा, हात आखडता घेतला तर दावत देणाऱ्याचं नाव जातं.

चालायला बाहेर पडा, असा सल्ला डॉक्टर सहज देतात. छोट्या गावात पन्नाशीच्या आपा सकाळी एकट्या स्टेशनच्या रस्त्याला फिरायला निघाल्या तर चार लोक विचारतात, ‘कुठं निघालात?’ मशिदीत पाच वेळा चालत जाणारा पुरुष तेवढा तरी हलतो. बायकांचं चालणं गच्चीवर नाही तर अंगणात. दोघी-तिघींनी मिळून फजरनंतर निघणं हा मार्ग काही मोहल्ल्यांत सुरू झालाय, आणि घरातल्या पुरुषांनी त्याला हरकत घेऊ नये एवढी तरी अपेक्षा ठेवायला हवी.

मग येतो रमजान. वर्षभर जे लपून चालतं ते या महिन्यात दस्तरखानवर उघड दिसतं. तीन-चार लहान खजूर, ६० ते १०० कॅलरी, यात काहीच गैर नाही. पण त्यानंतर लाल सरबताचा ग्लास, ज्यात सहज २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी. भज्यांची प्लेट, अडीचशे ते तीनशे. एक समोसा, दोन-अडीचशे. फळांच्या चाटवर पुन्हा साखर. मगरिबची जमात उभी राहायच्या आत सात-आठशे कॅलरी झालेल्या असतात, जेवण तरावीहच्या आधी की नंतर एवढाच प्रश्न उरतो. मग ईदच्या सकाळी आपण म्हणतो, ‘महिनाभर रोजे ठेवले तरी वजन वाढलं कसं?’

शीर खुर्म्याचा हिशोब तर करूनच बघा. एक लिटर म्हशीचं दूध १,०५०, पाव किलोला थोडी कमी अशी २०० ग्रॅम साखर ८००, शंभर ग्रॅम शेवया ३५०, तीस ग्रॅम तूप २७०, शंभर ग्रॅम बदाम-काजू-चारोळी ६००, पन्नास ग्रॅम खारीक १५०. सव्वातीन हजाराच्या घरात. दहा वाट्या झाल्या तर वाटीला ३२०. ईदला आठ घरी गेलात आणि प्रत्येक घरी वाटी संपवली, कारण न संपवणं बेअदबी, तर अडीच हजार कॅलरी दुपारच्या बिर्याणीच्या आधी! शीर खुर्मा सोडा असं कोण म्हणेल? वाटी बदलता येते. चहाच्या कपाएवढी छोटी कटोरी ठेवली तर आठही घरचा मान राहतो. काही घरांनी खजूर घालून साखर निम्मी केलीय आणि पाहुण्यांना फरक कळलेला नाही.

तेलाचंही तसंच. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं. पोषण संस्थेचं माप १२ किलोचं आहे. पाच जणांच्या घराला हे महिन्याला सव्वाआठ किलोच्या आसपास होतं (हॉटेल, बेकरी, फरसाणमधलं धरून), हवं फक्त पाच किलो. पंतप्रधानांनी सांगितलेली दहा टक्के कपात केली तरी माणशी रोजच्या पन्नासच कॅलरी वाचतात. म्हणजे ती सुरुवात झाली, इलाज नव्हे. घराघरात करण्यासारखी गोष्ट एवढीच, की नवा डबा फोडला त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहायची आणि कढईत डब्यातून थेट तेल न ओतता चमच्याने घालायचं. पुढच्या महिन्यात तोच डबा किती दिवस गेला ते कळतं. संध्याकाळच्या फरसाणऐवजी फुटाणे ठेवले तरी मोठा फरक पडतो. शंभर ग्रॅम फरसाणात साडेपाचशे कॅलरी, फुटाण्यात पावणेचारशेच्या आत आणि प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास.

पाकिटावर विश्वास ठेवू नका, पाकीट वाचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन रकाने असतात, एक ‘प्रति सर्व्हिंग’ आणि एक ‘प्रति १०० ग्रॅम’. कंपनीच्या सर्व्हिंगमध्ये दोन-तीन बिस्किटं असतात. आपण पुडा संपवतो. म्हणून शंभर ग्रॅमचाच आकडा बघायचा. पुढच्या बाजूला ठळक इशारा छापण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली, नंतर मुदतवाढही झाली. इंग्रजीतली ती बारीक अक्षरं कधी मराठी-उर्दूत आणि समोर येतील तेव्हा येतील. हॉटेलांनी मेन्यूवर कॅलरी लिहिण्याचा नियम जुलै २०२२ पासून आहे, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना. आपल्याकडच्या बिर्याणी हाउसला तो लागू नाही.

रमजानच्या आधीचे चार-पाच आठवडे एका कामासाठी वापरता येतील. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी रोजे ठेवायचे की नाही, ठेवले तर गोळ्यांची वेळ आणि मात्रा कशी बदलायची, हे पहिल्या सहेरीच्या आधी डॉक्टरांना विचारावं, मेडिकल दुकानदाराला नाही. घरातल्या अम्मी, खाला, सासूबाई ‘मला काही होत नाही’ म्हणतील, त्यांना बरोबर घेऊन जा. उपाशीपोटीची शुगर बघायची असेल तर सकाळचा चहा घेऊन जाऊ नका, दोन चमचे साखरेचा तर नाहीच. आणि टेलरचा टेप घरी असेल तर निघण्याआधी एकदा कंबर मोजून आकडा कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर विचारतीलच.